मागचे पाय

मृण्मयी, तू विचारलंस
शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत,
आमचा मेकअप तिथंच चालतो,
मी बेसिनवर मानेचा घाम धूत असताना:
काका, नट व्हायला काय करावं लागतं?

मला कशाला विचारतेस, म्हटलं मी.
गेली नऊ वर्षं मी सोहारच्या बालनाट्यात
उंटाचे मागचे पाय आहे.

तू हसली नाहीस. वही उघडलीस.
म्हणून लिहितोय, रात्रपाळी संपवून,
कारखान्याच्या बसमध्ये, मांडीवर डबा,
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत
आणि तिच्यापुढं काळे, धुळकट खजूर.

उंटावरून शेळ्या हाकणारे तुला पुष्कळ भेटतील.
मी उंटाच्या आतून सांगतोय, एवढाच फरक.

आत अंधार असतो. फोमचा वास.
समोर दुसऱ्या माणसाची कंबर.
तिच्यावरून ओळखायचं
डावा की उजवा, थांबायचं
की लाथ झाडायची.
आठ वर्षं ती कंबर वासुदेव हळदणकरची होती.
बंदरात क्रेन चालवायचा.
वाक्यं सगळी त्याची,
माझ्याकडं शेपटीची दोरी.

शेपटीला कमी लेखू नकोस.
त्याचं वाक्य पडलं की ओढायची,
लगेच नाही, अर्धा श्वास थांबून.
लवकर ओढली तर हशा मरतो.
हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही,
पहिल्या रांगेतल्या, दोन दात पडलेल्या
एका मुलीच्या खिदळण्यानं कळलं.

मोठ्यांची नाटकं करणाऱ्यांना एक सोय असते.
कंटाळलेला माणूस मुकाट बसतो,
शेवटी टाळ्याही वाजवतो.
पाच वर्षांचं पोर उठून सरळ शू करायला जातं
आणि जाताना मोठ्यानं सांगून जातं.

गेल्या फेब्रुवारीत हळदणकरचं कंत्राट संपलं.
तीस दिवसांत देश सोडायचा.
प्रयोग एकतिसाव्या दिवशी.
टॅक्सीत बसण्याआधी त्यानं
उंटाचं डोकं माझ्या हातात दिलं.
डावी पापणी सैल आहे, म्हणाला,
फेविकॉल लाव.

पुढचे पाय झाला साजन,
शाळेचा शिपाई, त्रिशूरचा.
मराठीचा एक शब्द येत नाही.
तो चालला, जबडा हलवत राहिला,
आणि बोललो मी, मागून,
दुमडलेल्या पाठीनं,
वर एसीची घरघर.
तेवढ्यात एक पोरगा ओरडला,
"आई, हा उंट पोटातून बोलतोय!"

संहितेत याला उत्तर नव्हतं.
मी म्हणालो,
"मग! पाणी जिथं ठेवतो तिथूनच बोलणार ना!"

सभागृह फुटलं.
साजनला काही म्हणजे काही कळलं नाही,
तरी त्यानं लांबलचक मान वळवून
आपल्याच ढुंगणाकडं असं पाहिलं
की पुन्हा फुटलं.

तुला हवं ते उत्तर यात कुठंतरी असेल.
मला ते वेगळं काढून दाखवता येत नाही.
एवढं मात्र खरं, की ती वाक्यं
मला कुणी पाठ करायला सांगितली नव्हती.
आठ वर्षं अंधारात
हळदणकर बोलायचा तेव्हा
माझे ओठ आपोआप हलायचे.

आणि हो, प्रयोगाआधी तासभर पाणी पिऊ नकोस.
उंटाची चेन आतून उघडत नाही.

शुक्रवारी चारला तालीम आहे.
साजन आता पुढचे पाय सोडायला तयार नाही,
मागचे माझेच.
तुझ्यासाठी घाफचं झाड ठेवलंय.
सव्वा तास. हलायचं नाही, बोलायचं नाही,
नाकावर माशी बसली तरी.
वही घरी ठेवून ये.

पापणी अजून सैलच आहे.
इथल्या उकाड्यात फेविकॉल धरत नाही.
हळदणकर फोनवर दर वेळी आधी तेच विचारतो.
या वेळी दोऱ्यानं शिवू म्हणतोय.

सुई ओवता येते का तुला?