खुंट्यांची पाटी

फलकावर लिहिलं होतं : भागीदारी, क्षमतावृद्धी.
एक दोरी सुटलेली, 'वृद्धी' वाऱ्यावर.
वर्धा रोडकडल्या कपाशीच्या प्लॉटवर
आमच्या टॅबनं उन्हात मान टाकली
आणि दुभाषा तर्री-पोह्याला गेलेला.

मग मालीतल्या सिकासोहून आलेल्या नियेलेनं
पिशवीतून काढली वीतभर लाकडी पाटी,
ओळीनं भोकं पाडलेली.
झाड वाकवायचं. अळी दिसली की खुंटी एक भोक पुढे.
तांबड्या रेघेला टेकली तरच फवारा,
नाही तर पंप खांद्यावरून खाली.
आईला अक्षर येत नाही, हे तिनं
बोटानं हवेत लिहून, मग पुसून सांगितलं.

पंचवीस झाडं मोजली.
खुंटी रेघेच्या दोन भोकं अलीकडे थांबली.
त्या दिवशी पंप कोरडाच राहिला.

संध्याकाळी पाटी घेऊन इतवारीत गेलो,
सुदाम बोरीकरच्या दुकानात.
तान्ह्या पोळ्याचे नंदी भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत,
काहींना अजून शिंगं नव्हती.
त्यानं पाटी उलटीपालटी केली :
"कोन्या देशाचा खेळ हाय बाप्पा हा?"
मोजायचा, म्हटलं. अशा बारा करून दे.
"पोया होऊ दे नं आधी," म्हणाला,
आणि लगेच एका नंदीच्या उरल्या तुकड्यावर
पेन्सिल टेकवली.

अहवालाच्या तक्त्यात दोन रकाने :
देणारा देश. घेणारा देश.
साहेबांचा सहीसाठी दोनदा फोन येऊन गेला.
मी अजून पहिल्याच रकान्यावरून
सागवानाचा भुसा झटकतोय.