देठ

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ओहायो नदीच्या अलीकडे
ऑर्फा स्टॅम्परची तांबडी शेळी थरथरायला लागली.
आधी मागचे पाय. मग मान.
चारा पुढ्यात, तोंड भिंतीकडे.

पशुवैद्य गाडीतून उतरता उतरताच म्हणाला,
"कुंपणापाशी पांढरं काही फुललंय?"

पांढरं?
या दिवसांत इथे दुसरं फुलतं काय!

ती निघाली. खिशात भिंग, बुटांत ओढ्याचं पाणी.
ओढ्यालगत कमरेएवढं एक झाड,
मळकट पांढरे झुबके,
एकेक फूल म्हणजे दहा-बारा इवल्या फुलांची दाटीवाटी,
पाकळी म्हणावी अशी एक नाही.
तरी कूळ शेवंतीचंच.
वर्षानुवर्षं मूळ तेच, फुटवे तेवढे नवे.
पान उलटलं:
समोरासमोरची दोन पानं बुडाशी एकजीव,
आणि खोड त्यांच्या मधोमध आरपार,
कापडातून निघालेल्या दाभणासारखं.
बोनसेट.
लहानपणी तापात आईने नाक दाबून पाजलेला काढा.
जिभेने आधी ओळखलं,
भिंग मागाहून पोचलं.

दुसरं अक्रोडांच्या सावलीत.
जास्त शुभ्र, खरं तर जास्त देखणं.
तेच झुबके, तीच बिनपाकळ्यांची फुलं.
पान मात्र बदामी, करवतकाठी,
आणि खोडापासून अंतर राखून,
देठावर.
इंचभर देठ.
शेंडे कुरतडलेले. वाकलेल्या तारेत
तांबडे केस.

स्नेकरूट. याचं विष दुधात उतरतं,
हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागत नाही.

मग तिला बरण्या आठवल्या.
या आठवड्यात तीन, शेजारच्या हार्लन फॉइटकडे.
ती शेतातून आडवी धावली, एकसष्टाव्या वर्षी,
झाड मुठीत तसंच.

हार्लन दारात. ठणठणीत.
सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.
"ऑर्फा, खरं सांगू?
मला शेळीचं दूध सोसत नाही. वास येतो.
चार वर्षं टोमॅटोंना घालतोय."

ती पायरीवर बसली.
हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.
चार वर्षं. दर रविवारी धुतलेली बरणी परत,
वर "फार छान होतं" म्हणणारा हा माणूस.
भिंगाखाली धरला असता तर
कुठे दिसला असता याचा देठ?

संध्याकाळी तिने दोन्ही पानं
गोठ्याच्या दारावर खिळ्याने ठोकली.
उरलेलं दूध खड्ड्यात.

रात्री कधीतरी शेळी पाणी प्यायली.
किंवा बादली नुसतीच लवंडली असेल.