चार टिंबं

तांदळाच्या कणीएवढा पतंग,
राखी पंखावर एक ठिपका, तोही पुसट.
तार्तूच्या संग्रहालयात यंदा त्याचं कूळ बदललं.
पोट उघडून, भिंगाखाली पाहून
ठरलं, हा त्या घरचा नव्हेच.
जुनी चिठ्ठी टाचणीला राहू दिली,
तिच्याखाली नवी खोवली.

नकाशात सारेमा बेटावर चार टिंबं.
‘दक्षिण किनाऱ्यापुरता मर्यादित.’

माइमू हसते.
हेल्दुरचा गुडघा धरायचा हो,
जुनिपरच्या माळापलीकडे
कंदील घेऊन तो गेलाच नाही कधी.
आणि हे चौथं टिंब
आमच्या स्वयंपाकघराची खिडकी.
ऑगस्टात मी मासे खारवत बसलेले,
दिवा मालवायचा राहिला.

‘एकोणनव्वदनंतर नोंद नाही,’
हेही छापलंय.

हल्ली ती आठलाच दिवा मालवते.