कमी आकडा

पोर्वेनीरच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी खेकड्यांचे पाय सोलले,
सांध्यासांध्यात बरोबर मोडून,
आतलं मांस अख्खं निघेल असे.
मग माझ्याच सांध्यांची पाळी आली.

पहाटे मुठी मिटलेल्या,
जशी रात्रभर कुणाशी भांडत होते.
कोटाची बटणं फाउस्तीनो लावायचा,
घाईघाईत, एक काज चुकवून.

त्याच हिवाळ्यात रक्ताचा कागद आला.
कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठावीस.
रोज मेंढीचं मटण खाणाऱ्या घरात!
फाउस्तीनोचं दोनशे साठ.
मी कागद फ्रीजवर चिकटवला.
म्हटलं, एक तरी परीक्षा पास झाले.

डॉक्टरीणबाई उत्तरेकडच्या,
इथल्या वाऱ्याला अजून बिचकणाऱ्या.
आकडा बघून हसल्या नाहीत.
म्हणाल्या, दोन्या एदुविहिस,
चूल भडकलेली असली की
घरात लाकूड उरत नाही.
म्हणून काय घर झाडून-पुसून ठेवलंय म्हणायचं?
आणि माझं सुजलेलं बोट धरून
मनगट, कोपर, खांदा करत
छातीपर्यंत आल्या.
ही आग सांध्यापाशी थांबत नाही, म्हणाल्या.

हात दाखवायला गेले होते. अवलक्षण हे.

दर पंधरवड्याला पोटात सुई.
मार्चमध्ये बटाटा सोलला, एका सालीत.
एप्रिलमध्ये फाउस्तीनोच्या कोटाची बटणं लावली,
त्याची गरज नसताना.
मे महिन्यात कागद: दोनशे बारा.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडले.
हात परत दिले आणि काळीज मागितलं?
नाही, बाई म्हणाल्या, आग ओसरली.
आधीचा कागद धुरातून लिहिलेला होता.
हा वाचता येतो.
वाचता येतो, तर उपायही करता येतो.

आता रात्री एक छोटी पांढरी गोळी.
चरबीचा डबा फाउस्तीनोनं शेजारी दिला,
तोंड पाडून,
जसं कुत्रं देऊन टाकावं.

तपासणीला बोटीनं सामुद्रधुनी ओलांडून
पुंता आरेनासला जाते.
वारा सुटला की तिथे चौकात दोर बांधतात,
माणसं उडू नयेत म्हणून.
आधी मी त्यात कोपर अडकवायचे.
काल मुठीत धरला.
दुसरा हात कोटाच्या आत, डावीकडे.
वाऱ्यात ऐकू काही येत नव्हतं.
पण तळव्याला लागत होतं,
आतून कुणी दार ठोठवावं तसं,
न चिडता.