औषधवाला

खाडीच्या अंगाला, चेंदणीच्या मागे, ते जुनं देऊळ.
मी चर्च म्हणालो
तर इनासअंकलनी किल्ली कुलपातच थांबवली:
"आमचे आजे देऊळच बोलायचे. तू पण देऊळच बोल."

पाठीला पंप, खांद्याला ड्रिल,
बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत गेलो,
आणि मान वर गेली ती खाली येईना.

सोनं. म्हणजे लाकूडच,
पण सोन्यालाही भूल पडावी असं.
खांब सरळ उभे राहायला तयार नाहीत,
पीळ घेत, द्राक्षवेल अंगाला लपेटून चढलेले.
अर्ध्यावर सुताराची द्राक्षं संपली असावीत,
पुढे त्याने सीताफळं लावून दिलीत.
देवदूत सतरा. मोजले, मोजणं माझं काम.
गाल फुगलेले, पंख पोपटाचे,
एकाच्या पायात वाळा.
हे पोर मी पाहिलंय कळव्याच्या नाक्यावर,
आईच्या पाटीमागे, नाक पुसत.

भिंतीवर धुराने काळवंडलेला एक संत,
पुस्तकात डोकं घालून बसलाय,
पायाशी सिंह.
रंगवणाऱ्याने सिंह काही पाहिलेला नव्हता.
बोका आहे तो, आयाळ लावलेला,
आणि चित्रात जागा तो एकटाच.

पुस्तकं वरच्या खोलीत. जिना कुरकुरतो.
अकरा कपाटं, कातडी पाठी,
वास ओल्या चपलांचा.
"वाचतं कोण?"
"जुने फादर वाचायचे. ते गेले. आता ही वाचते."
ही म्हणजे वाळवी.

वहीएवढं एक उघडलं. बाप्तिस्म्याचं.
भाषा माझी नाही, इनासअंकलची पण नाही,
नावं तेवढी लागतात:
काशी, आणि त्याच ओळीत पुढे, कतारीन.
दोघींच्या मध्ये एक भोक,
त्यातून मागचं पान दिसतं,
त्याच्याही मागचं,
आणि तळाला माझा अंगठा.

मी वीस वर्षं हिचे रस्ते वाचतोय,
चौकटीतून, फळीतून, लोकांच्या लग्नाच्या अल्बममधून.
घाई नसते हिला.
ओल जिथे बोलावते तिथे जाते,
देव वगळत नाही, तारीख वगळत नाही.

शेवटी वेदीची पाठ.
टॉर्च लावून फटीतून आडवा शिरलो.
मागे सोनं नाही. देवदूतांना पाठच नाही,
नुसते पोकळ ओंडके, पटाशीचे घाव,
कोळ्याची जाळी,
आणि छातीच्या उंचीवर, कोळशाने, मोडीतली दीड ओळ.

"हां, ते," बाहेरून आवाज आला.
"एकदा एक मास्तर आलेले वाचायला.
पहिल्या दिवशी बोलले, 'मजुरी बाकी'.
दुसऱ्या दिवशी बोलले, छे, बाईचं नाव आहे.
तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत."

माझ्या आज्याला यायची मोडी.
मला पटाशी ओळखता येते फक्त:
डावखुरा होता.

नियम असा, की वीतभर अंतरावर एक भोक,
त्यात औषध, वर मेण.
माप धरलं. भोक नेमकं त्या ओळीवर येत होतं.
ड्रिल तिथेच गरगरत राहिलं थोडा वेळ.

बिल मग इनासअंकलच्या टेबलावर लिहिलं.
एकूण भोकं, नियमाने, दोनशे बारा.
मारली दोनशे अकरा.
त्यांनी चष्मा सारून दोनदा बेरीज केली.
"एक कमी का?"

मी म्हणालो, पावसाळ्यानंतर परत येतो बघायला,
त्याचे पैसे नाहीत.