अनुभव उपलब्ध नाही

तार्तूला आज उणे अठरा.
खिडकीखालची नदी गोठून पांढरी.
इथल्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ आई-नदी,
आणि जानेवारीत तीही बोलत नाही.

मी गोळी खलात टाकते.
निळी. जगाला ठाऊक असलेली,
पुरुषांच्या चावट विनोदांतली.
बत्ता फिरवला की निळाई फुटते,
आत नुसतं पांढरं पीठ.
चाळते, तोलते, पाकात घोटते,
मग तपकिरी बाटली, बूच, चिठ्ठी:
मीर्तेल कांगुर. वजन तीन किलो दोनशे.

काउंटरपाशी तिचा बाप, राइवो. लाकडाचे ट्रक चालवतो.
खोक्यावरचं नाव वाचून कानापर्यंत लाल झाला.
"ही तर..." म्हणाला, आणि मागे वळून पाहिलं
कुणी ऐकलं का.
हो, तीच, मी म्हटलं.
रक्तवाहिन्या सैल करते. कुणाच्या, ते तिला कळत नाही.
मीर्तेलच्या फुफ्फुसांतल्या आवळून बसल्यात.

तो हसला. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच विसरून
माहितीपत्रकाच्या घड्या उलगडत राहिला,
टेबलभर कागद झाला,
आणि मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलंच त्याला:
अठरा वर्षांखालील मुलांत वापराचा अनुभव उपलब्ध नाही.

"अनुभव नाही?"

काय सांगू.
लेकरांवर प्रयोग नकोत
असं भल्या माणसांनी भल्या मनानं ठरवलं,
म्हणून प्रत्येक लेकरू
आपापल्या पाळण्यात एकेकटं प्रयोग होतं
आणि निकाल कुणी मांडून ठेवत नाही.
माझ्याकडे एक वही आहे,
किराणाच्या हिशेबाची असते तशी, चौकटीची.
तीत सदतीस नावं.

"आणि ती सगळी...?"

"बहुतेक," मी म्हटलं.
अकरा वर्षं झाली, या एका शब्दाला
मला पातळ करता आलेलं नाही.

त्यानं पुढे विचारलं नाही.
चिठ्ठी वाचली: हलवून द्या. थंड जागी ठेवा.
बाटली दोनदा हलवली, उजेडात धरून पाहिली,
मग कोटाची बटणं सोडून
स्वेटरच्या आत, थेट बगलेत धरली
आणि दार ढकलून बर्फात गेला
एक हात अंगाशी घट्ट दाबून.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.
गोठलं की औषध फाटतं.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
चिठ्ठीवर लिहायचं मीच विसरले होते.