दोनशे बारावा पत्ता

टोपीला तुझ्या पितळेची दातेरी चाकं.
फिरतात का, विचारलं मी.
हसलास. चिकटवलीत म्हणालास, शोभेला.
कपाळावर कातडी पट्ट्याचा जाड चष्मा,
डोळे मात्र उघडेच, एप्रिलच्या उन्हात.
घाल बे तो.
आमच्या खात्यात एक जरी असता
तर नागनाथ यल्ला चाळिशीतच
भिंत धरून चालला नसता.

तू म्हणालास, मी अशी गावं हिंडतो
जिथं वाफेचं युग अजून भिंतींत उरलंय.
यादी काढून दाखवलीस. सोलापूर सातवं.
आम्हाला शेवटचं यादीत घेतलं होतं
ते मिलच्या फाटकावर, देणी बाकी असलेल्यांच्या.
तीत माझं नाव नरसिंग छापलेलं.
नरसय्या आहे मी. नरसय्या मादूर.
लिहून घे, तुझ्याकडं तरी बरोबर असू दे.

ही चिमणी.
लहानपणी मला वाटायचं, चिमणी म्हणतात
तर उडेल एक दिवस.
धूर सरळ वर गेला की आई पत्र्यावर सांडगे घालायची,
साखर पेठेकडं वळला की
वाळत घातलेलं लुगडं ओढून आत.
आता बुंध्याला पिंपळ फुटलाय,
वर खरीच पाखरं बसतात.
तू खाली आडवा झोपून फोटो काढलास.
काटे बघ, म्हणेपर्यंत
बाभळीनं तुझा कोट फाडला होता.

झुडपात कातणीच्या साच्याची एक बाजू पडलीय.
तिच्यावर ओतीव अक्षरं.
इंग्रजी मला येत नाही, माझ्या बोटांना येतं:
आधी गोल, मग काठी, मग पोट आलेलं एक,
मग शिडी.
खंडेनवमीला हळदकुंकू वाहताना
वीस वर्षं हीच बाराखडी गिरवली.
ओल्डहॅम, तू वाचलंस.
तिकडंही जाऊन आलो, म्हणालास,
तिथल्या मिलांत आता लोक राहतात,
उंच खिडक्या, महाग फ्लॅट.
मी शिडीच्या सांदीत बोट घातलं.
लाल निघालं.
गंज का कुंकू, आता सांगता येत नाही.

मग तू भोंग्याचं विचारलंस,
आवाज कसा होता, काढून दाखवा.
मी तोंड उघडलं
आणि नाही निघाला.
आवाज विसरलो असं नाही.
पण तो बाहेरून यायचा रे,
आतून कसा काढू?

घरी चल म्हटलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
तू चटणीला शूर आहेस, एवढं कबूल.
मागच्या खोलीत सून साचा चालवत होती.
खटाखट ऐकून तू घास तसाच ठेवून उठलास.
वर जकार्ड, त्यावरून पत्त्यांची माळ
एकेक उलटत जाणारी,
भोकं कुठं आहेत, कुठं नाहीत,
एवढ्यावर खाली चादरीत
मोर पिसारा उघडत चाललेला.
हा तर संगणक आहे, तू ओरडलास.
असेल.
मी त्याला पोट म्हणतो.
हे सगळे पत्ते मी पाडलेत,
डोळे धड होते तोवर,
चौकटीच्या कागदावर मोर मांडून,
चौकट भरली की भोक, रिकामी की पुठ्ठा.

एक पत्ता द्या, म्हणालास,
टोपीला लावतो, या गावची खूण.
आणि सुनेनं साचा थांबवला तेवढ्यात
दोरी सैल करून तू एक काढलासही,
खिडकीशी धरलास.
भोकांतून ऊन तुझ्या गालावर उतरलं,
बारीक बारीक, देवी आल्यासारखं.
छान दिसत होतास.

पण तो दोनशे बारावा आहे.
त्याच्याशिवाय मानेत एक धागा चुकतो,
शेठ चादर परत पाठवतो,
आणि संध्याकाळपर्यंत अजून दोन जायच्यात.

ठेव तो परत. उलटा नको,
कोपरा कापलाय ती बाजू वर.
हां.
आता दोरी तूच ओव.